उलट्या वाटेचा प्लेजिया

बायपासच्या ऑपरेशनात हृदयाला सुरीपेक्षा घड्याळाची भीती जास्त. महाधमनीवर क्लॅम्प लागला की हृदयाच्या स्नायूला रक्त मिळणं बंद होतं आणि पुढचा तास-दीड तास सर्जन बारीक टाके घालत असतो. बाकीच्या शरीराचं काम हार्ट-लंग मशीन बघतं. स्नायूनं मात्र एवढा वेळ उपाशी राहून तग धरायचा असतो. त्यासाठी जे देतात त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. थिएटरात नुसतं 'प्लेजिया'. पोटॅशियम घातलेला थंड द्राव किंवा रक्त हृदयाच्या धमन्यांत सोडायचं, हृदय सैलावलेल्या अवस्थेत थांबवायचं, आणि काम उरकल्यावर पोटॅशियम धुऊन काढून ते पुन्हा चालू करायचं. धडधडणाऱ्या हृदयाच्या १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण ८ ते १० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. पोटॅशियमनं थांबवलेल्या हृदयाला जेमतेम १ पुरतो, आणि थंड केलं तर त्याहूनही कमी. सगळा हिशोब या फरकावर उभा आहे.

पहिल्या बायपासला हे बहुतेक वेळा सुरळीत पार पडतं. महाधमनीच्या मुळाशी एक कॅन्युला बसवतात, तिच्यातून सोडलेला प्लेजिया कोरोनरी धमन्यांच्या मुखांतून आत शिरतो, रक्त रोज जातं त्याच वाटेनं. दहा-पंधरा वर्षांनी त्याच माणसाची छाती पुन्हा उघडावी लागते तेव्हा ही वाट भरवशाची राहत नाही. अशा केसला थिएटरात 'रीडू' म्हणतात. रीडूमध्ये स्नायू कसा वाचवायचा याचं उत्तर शोधताना सर्जन ज्या कल्पनांपाशी पोचले, त्यातल्या बहुतेक आधी एकदा वापरून टाकून दिलेल्या होत्या. त्या का टाकल्या आणि पुन्हा का उचलल्या, हे समजल्याशिवाय आजचा प्लेजिया समजत नाही.

पोटॅशियमपासून सुरुवात करू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८० नंतरच्या वर्षांत बेडकाचं हृदय शरीराबाहेर चालू ठेवण्याच्या खटपटीत होते. मिठाच्या पाण्यावर ते चांगलं चालतं, असं त्यांनी आधी छापलं. मग लक्षात आलं की तो द्राव ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलाच नव्हता. न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचं पाणी त्यात वापरलं गेलं होतं. शुद्ध पाण्यात तोच द्राव केल्यावर हृदय मंदावत बंद पडलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम आतापर्यंत ते चालवत होतं. १८८३च्या लेखात रिंगरनी हे सगळं उघडपणे लिहिलं. त्यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, आपल्या कथेला तीच हवी: पोटॅशियमचं प्रमाण वाढवलं की हृदय सैल पडून थांबतं, आणि ते काढून घेतलं की पुन्हा चालू लागतं. हृदय थांबणं म्हणजे मरणं, ही समजूत बेडकापुरती तरी तिथे मोडली.

माणसावर हे करायला सत्तर वर्षं गेली, कारण त्याआधी हार्ट-लंग मशीन हवं होतं. मे १९५३मध्ये फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. १९५५मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या डेनिस मेलरोज यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की पोटॅशियम सायट्रेट रक्तात मिसळून महाधमनीच्या मुळाशी टोचलं तर हृदय काही क्षणांत थांबतं. सर्जनसमोर निश्चल, बिनरक्ताचं हृदय येऊ लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकनं ही पद्धत उचलली.

१९६०च्या आसपास वाईट बातम्या यायला लागल्या. ऑपरेशननंतर दगावलेल्या रुग्णांच्या आणि प्रयोगातल्या कुत्र्यांच्या हृदयात स्नायू मेल्याचे डाग सापडले. पद्धत झपाट्यानं मोडीत निघाली आणि पोटॅशियमचं नाव थिएटरातून गेलं. मेलरोज यांना अपयशाच्या खात्यात टाकणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची कल्पना बरोबर होती, मात्रा जबर होती. त्यांच्या मिश्रणात पोटॅशियम लिटरला २०० मिलिमोलच्याही वर होतं, आणि जोडीच्या सायट्रेटनं कॅल्शियम बांधून टाकलं जात होतं. आजच्या द्रावांत पोटॅशियम त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. पण तेव्हा मात्रा कमी करून बघण्याइतका धीर फारच थोड्यांनी धरला. जर्मनीत गॉटिंगेनला ब्रेटश्नायडर वेगळ्या रस्त्यानं, सोडियम कमी ठेवून, हृदय थांबवत राहिले. त्यांच्या कामातून निघालेला द्राव आजही युरोपात वापरतात. बाकी जगानं हा विषय मिटवून टाकला.

मधली दहा-बारा वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगतो. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे हृदयाभोवती बर्फाळ सलाइन ओतून ते थंड ठेवत. कुणी दर पंधरा मिनिटांनी क्लॅम्प सोडून थोडं रक्त जाऊ देत. कुणी हृदय थरथरतं ठेवून त्यावरच टाके घालत. १९७२मध्ये ह्यूस्टनच्या डेंटन कूली आणि सहकाऱ्यांनी एका भयानक अवस्थेला नाव दिलं: 'स्टोन हार्ट'. क्लॅम्प काढल्यावर हृदय आवळलेलं, हाताला दगडासारखं घट्ट लागतं आणि परत कधीच सैल होत नाही. स्नायूला आकुंचन पावायला ऊर्जा लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. सैल व्हायलाही लागते. ऊर्जेचा साठा पार संपलेला स्नायू आवळलेल्या स्थितीतच अडकतो. या वर्णनानं सगळ्यांना हादरवलं आणि हृदय निमूट, सैल थांबवण्याची गरज पुन्हा समोर आली.

१९७३मध्ये अमेरिकेत विल्यम गे आणि पॉल एबर्ट यांनी कमी मात्रेचं पोटॅशियम वापरून हृदय सुखरूप थांबतं हे दाखवलं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात डेव्हिड हर्स यांनी उंदरांच्या वेगळ्या काढलेल्या हृदयांवर एकेक घटक कमीजास्त करून पाहिला. प्रत्येक क्षाराचं किती प्रमाण स्नायू वाचवतं आणि कितीनं तो बिघडतो, हे असं मोजून मग द्राव ठरवला. त्यांचे सर्जन सहकारी मार्क ब्रेमब्रिज यांनी १९७५मध्ये तो रुग्णांवर वापरायला घेतला. पुढे रुळलेल्या सेंट थॉमस क्रमांक २ द्रावात पोटॅशियम १६ आणि मॅग्नेशियम १६ मिलिमोल असतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये जेरल्ड बकबर्ग यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला: द्रावाऐवजी रुग्णाचं स्वतःचं रक्तच का वापरू नये? रक्तात ऑक्सिजन असतो, आम्ल शोषून घ्यायची ताकद असते. १९७८मध्ये त्यांच्या गटानं रक्ताचा प्लेजिया मांडला. पुढे चार भाग रक्त आणि एक भाग द्राव हे प्रमाण रूढ झालं. द्रावाचा प्रश्न असा बराचसा सुटला. तो स्नायूपर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न मात्र नव्यानं उभा राहत होता, आणि तो उभा केला होता बायपासच्याच यशानं.

मे १९६७मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो यांनी पायाची शीर काढून कोरोनरी धमनीला जोडली आणि बायपास जगभर पसरला. आपल्याकडे १९७५मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिला बायपास केला. पायाची शीर मात्र धमनीचा दाब आयुष्यभर झेलण्यासाठी घडलेली नसते. दहा वर्षांत अशा जोडलेल्या शिरांपैकी, म्हणजे ग्राफ्टपैकी, साधारण निम्मे बंद पडतात किंवा आतून खराब होतात. म्हणजे १९६७ ते ७५च्या दरम्यान वाचवलेली माणसं १९८०च्या दशकात छातीचं दुखणं घेऊन परत यायला लागली.

रीडूची छाती उघडणंच जोखमीचं असतं. पहिल्या वेळी हृदय आणि छातीचं हाड यांच्यामध्ये मोकळी जागा असते. दुसऱ्या वेळी सगळं एकमेकांना चिकटलेलं. उजवा खालचा कप्पा, कधी चालू ग्राफ्टसुद्धा, थेट हाडाच्या मागच्या बाजूला. म्हणून हाड कापायला पहिल्या वेळची करवत न घेता आगेमागे हलणाऱ्या पात्याची घेतात, आणि गरज लागली तर लगेच मशीनवर जाता यावं म्हणून जांघेतली धमनी आधीच मोकळी करून ठेवतात.

त्याहून दगलबाज गोष्ट जुन्या ग्राफ्टच्या पोटात असते. धमनीतल्या जुन्या गाठीवर निदान घट्ट आवरण तरी असतं. खराब झालेल्या शिरेत साचतो तो पिवळट, भुसभुशीत ऐवज, भिंतीला नीट न चिकटलेला. हृदय मोकळं करताना ग्राफ्ट बोटानं जरा दाबला गेला तरी त्याचे कण सुटून पुढच्या बारीक धमन्यांत जाऊन बसतात, आणि सर्जननं एक टाकाही घालण्याआधी हार्ट अटॅक येतो. ओटावाच्या विल्बर्ट कियॉन आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये, ऑपरेशनच्या वेळच्या हार्ट अटॅकमागे हे कण असू शकतात, असं दाखवून दिलं. क्लीव्हलंडच्या फ्लॉइड लूप आणि ब्रूस लायटल यांच्यापाशी रीडूचा अनुभव सर्वांत मोठा. जुन्या ग्राफ्टला शक्यतो हात न लावता काम करायचं, ही शिस्त अशा अनुभवातून आली.

आता प्लेजियाचं बघा. महाधमनीच्या मुळातून सोडला तर मूळ धमन्या बंद, म्हणून तो पुढे जात नाही. जुन्या ग्राफ्टमधून सोडला तर तो भुसभुशीत ऐवज पुढे ढकलला जाण्याची भीती. म्हणजे ज्या स्नायूला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते पोचत नाही. शेताच्या पाटात वरच्या बाजूला गाळ बसला तर खालच्या वाफ्यांना पाटाच्या खालच्या टोकाकडून पाणी द्यावं, तसा विचार इथे आला: पुढून जाता येत नसेल तर मागून, शिरांच्या बाजूनं जायचं.

ही वाट फार जुनी आहे. हृदयाच्या स्नायूतलं वापरलेलं रक्त शिरांतून गोळा होतं आणि कोरोनरी सायनस नावाच्या, हृदयाच्या पाठीमागच्या खाचेतून जाणाऱ्या नळीतून उजव्या वरच्या कप्प्यात उतरतं. लायडनमध्ये ॲडम थेबेसियस यांनी १७०८च्या प्रबंधात तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेचं आणि स्नायूतून सरळ कप्प्यांत उघडणाऱ्या सूक्ष्म शिरांचं वर्णन केलं. १८९८मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक प्रॅट यांनी मांजराच्या हृदयात रक्त उलटं, शिरांतून सोडून ते धडधडत ठेवलं. हृदयाच्या शिरांमध्ये वाटेत झडपा फारशा नसतात, म्हणून हे जमतं. १९४०च्या दशकात क्लीव्हलंडचे क्लॉड बेक यांनी छातीत कळा येणाऱ्या रुग्णांच्या कोरोनरी सायनसला महाधमनीचं रक्त कायमचं जोडून पाहिलं. शिरा तो दाब कायम सोसू शकल्या नाहीत. ऑपरेशन मागे पडलं.

स्नायूपर्यंत धमनीखेरीज दुसरी वाट आहे या विश्वासानं पुढे मुंबईतही काम झालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा अभ्यास केला. त्यांच्या हृदयात कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. त्यावरून सेन यांनी डाव्या कप्प्याच्या भिंतीला सुईनं छिद्रं पाडून रक्त आत नेण्याचा प्रयोग १९६५मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा या उलट्या वाटेशी सरळ संबंध नाही, तरी बंद धमनीला वळसा घालून स्नायू गाठण्याच्या प्रयत्नांत सेन यांचं नाव घ्यायलाच हवं.

उलट्या वाटेचा ऑपरेशनच्या वेळेपुरता वापर पहिल्यांदा केला मिनेसोटाच्या वॉल्टन लिलेहाय यांनी, १९५६मध्ये. त्यांना चुना साचलेली महाधमनीची झडप उघडायची होती. महाधमनी उघडी असताना तिच्या मुळातून काहीच देता येईना, तेव्हा त्यांनी कोरोनरी सायनसमधून रक्त उलटं दिलं. मेलरोज यांच्या लेखानंतर जेमतेम वर्षभरानं. पण पुढे धमन्यांच्या मुखांत थेट नळ्या बसवायचं तंत्र रुळलं आणि लिलेहाय यांची युक्ती वीस वर्षं कपाटात गेली. १९८२मध्ये पॅरिसच्या फिलिप मेनाशे यांनी झडपेच्याच ऑपरेशनांत ती परत आणली, या वेळी पोटॅशियमच्या प्लेजियासह. मेलरोज आणि लिलेहाय, दोघांचे बाजूला पडलेले धागे इथे जुळले. रीडू करणाऱ्यांना हवं होतं तेच हे होतं.

एक अडचण उरली होती. सायनसमध्ये नळी बसवायला उजवा वरचा कप्पा उघडावा लागे, आणि त्यासाठी मशीनची जोडणीही वाढवावी लागे. १९९०मध्ये यूसीएलएच्या ड्रिंकवॉटर, लॅक्स आणि बकबर्ग यांनी कप्पा न उघडता नळी सरकवण्याची सोपी रीत मांडली, पुढून आणि मागून आळीपाळीनं प्लेजिया देण्याच्या योजनेसह. आजची पद्धत मुख्यतः हीच.

प्रत्यक्षात ते असं चालतं. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीवर गोल टाका घेऊन त्यातून टोकाला फुगा असलेली कॅन्युला आत सरकवतात. डावा हात हृदयाच्या पाठीमागे घालून सर्जन सायनसमध्ये शिरणारं टोक बोटांनी चाचपतो. रीडूमध्ये मागची बाजूही चिकटलेली असते, म्हणून बऱ्याचदा हाताऐवजी इकोच्या पडद्यावर विसंबावं लागतं. मग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट पंप सुरू करतो आणि सायनसमधल्या दाबाचा आकडा मोठ्यानं सांगत राहतो. हा आकडा फार बोलका. २०च्या खाली राहिला तर फुगा निसटलाय, प्लेजिया कप्प्यात सांडतोय. ४०च्या वर चढू द्यायचा नाही. शिरांच्या भिंती पातळ असतात, स्नायूत सूज येते, सायनस फाटूही शकतो. मधे स्थिर राहिला की हृदयाच्या पृष्ठभागावर बघायचं: एरवी निळसर काळ्या दिसणाऱ्या शिरा रक्ताच्या प्लेजियानं भरून लाल होतात. आणि सर्जननं कोरोनरी धमनीला चीर दिलेली असली तर त्या चिरेतून गडद, ऑक्सिजन काढून घेतलेलं रक्त बाहेर येतं. स्नायूनं मागून आलेलं रक्त वापरलं, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा. रीडूमध्ये याच प्रवाहाबरोबर ग्राफ्टमधले सुटे कणही उलटे, उघड्या चिरेतून बाहेर येतात. पुढे ढकलण्याऐवजी बाहेर धुणं, हा या वाटेचा दुसरा फायदा, आणि माझ्या मते रीडूपुरता पहिल्याहून मोठा.

ही वाट सगळीकडे पोचत नाही, हेही सांगितलं पाहिजे. उजव्या खालच्या कप्प्याच्या बऱ्याच शिरा सायनसला न मिळता थेट कप्प्यांत उघडतात, शिवाय फुगा खोल बसला तर उरलेल्यांचीही तोंडं झाकली जातात. डावी बाजू भिजते, उजवी कोरडी राहते. म्हणून निव्वळ मागच्या वाटेवर कुणी विसंबून राहत नाही. उजव्या धमनीचा नवा ग्राफ्ट आधी जोडायचा आणि लगेच त्यातूनच प्लेजिया सोडायचा, असा क्रम अनेक जण ठेवतात. गेल्या काही वर्षांत पेद्रो देल निदो यांचा लिडोकेनयुक्त द्रावही मोठ्यांच्या ऑपरेशनांत आला. तो पिट्सबर्गला १९९०च्या दशकात लहान मुलांच्या हृदयांसाठी तयार झाला होता. एक डोस तास-दीड तास पुरत असल्यामुळे वारंवार थांबावं लागत नाही. भारतातही तो बराच वापरला जातो.

सर्वांत अवघड पेच मात्र चांगल्या ग्राफ्टचा आहे. छातीच्या भिंतीच्या आतून उतरणारी डावी धमनी, म्हणजे लीमा, हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडली तर दहा वर्षांनीही दहात नऊ वेळा उघडी असते. १९८६मध्ये लूप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लीमा जोडलेले रुग्ण जास्त जगतात, आणि ती जोडणं हा बायपासचा नियमच झाला. रीडूमध्ये हीच आडवी येते. ती महाधमनीतून निघत नाही, हाताकडे जाणाऱ्या धमनीतून निघते. त्यामुळे महाधमनीवर क्लॅम्प लावला तरी तिच्यातून गरम रक्त हृदयात येतच राहतं, पुढच्या भिंतीतलं पोटॅशियम धुऊन काढतं, आणि थांबवलेलं हृदय पुन्हा हलायला लागतं. तिच्यावर छोटा मऊ क्लॅम्प लावायचा तर आधी ती चिकटलेल्या पेशीजालातून शोधून काढायला हवी. शोधताना ती कापली गेली तर हृदयाचा सगळ्यात मोठा आधार गेला. म्हणून काही सर्जन तिला हातच लावत नाहीत. अख्ख्या शरीराचं तापमान उतरवतात, म्हणजे लीमातून येणारं रक्तही थंड येतं, आणि पोटॅशियम जास्त वेळा देतात. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत आणि वाद चालू आहे.

रीडू आता पूर्वीइतके होत नाहीत. स्टेंट आले, लीमा टिकते, औषधं सुधारली. जे होतात त्यांच्याआधी सीटी स्कॅन काढून लीमा हाडापासून किती मिलिमीटरवर आहे ते मोजतात. आणि पहिलं ऑपरेशन करणारे पुष्कळ सर्जन तेव्हाच लीमा मधल्या रेषेपासून दूर, डाव्या फुप्फुसाच्या बाजूनं, हृदयाच्या आवरणाला चीर देऊन आत नेतात, आणि ती कुठून कशी नेली हे ऑपरेशनच्या नोंदीत लिहून ठेवतात.